मेंटेनन्सवाला योकोई

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण गुनपेई योकोईबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

हा माणूस १९४१ साली जपानमधल्या क्योतोत जन्मला. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि १९६५ साली निन्टेन्डोत चिकटला. तेव्हा निन्टेन्डो म्हणजे पत्त्यांचा कारखाना! काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या मशीन्सची देखभाल. म्हणजे मेंटेनन्स, जे ऐकून आपल्याकडे कॅम्पसला सगळ्यांची तोंडं वाकडी होतात.

रिकाम्या वेळात त्याने लांब होणारा एक पंजा बनवला. कंपनीचा मालक हिरोशी यामाउचीने तो पाहिला आणि चक्क बाजारात आणायला लावला. १९६६ सालचा हा 'अल्ट्रा हँड' दहा लाखांवर खपला. योकोईची मशीन्सपासून सुटका झाली.

त्याचं सूत्र सोपं होतं. जुनं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा भलताच उपयोग शोधायचा. कॅल्क्युलेटरमुळे एलसीडी स्वस्त झाले, त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' आला. १९८२ साली त्याच मालिकेत अधिकच्या चिन्हासारखं बटण आलं. मग १९८९ चा 'गेम बॉय'. ना रंग, ना स्क्रीनला लाइट! पण चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. अटारी आणि सेगाचे रंगीत गेम सहा-सहा सेल काही तासांत फस्त करायचे. पुढे रंगीत गेम बॉय धरून खप ११ कोटींच्या वर गेला.

१९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय' मात्र साफ आपटला. सगळं लाल दिसायचं, खेळणाऱ्यांची डोकी दुखायची. १९९६ साली, ३१ वर्षांनी, त्याने निन्टेन्डो सोडली आणि 'कोतो' ही स्वतःची छोटी कंपनी काढली. तिथे बांदाई कंपनीसाठी 'वंडरस्वान'वर काम सुरू झालं. तो एकाच सेलवर चालणार होता! पण ४ ऑक्टोबर १९९७ ला रस्त्यावरच्या अपघातात योकोई गेला. वय अवघं ५६. वंडरस्वान १९९९ साली बाजारात आला, तो त्याला बघायला मिळाला नाही.

प्रोजेक्टसाठी महागडी चिप परवडत नाही म्हणून गेला महिनाभर मी रडत बसले होते. परवा लॅबच्या कपाटातून धूळ खात पडलेली ८०५१ बाहेर काढली. चालतेय अजून. आता तिचं काय करायचं, ते माझ्या डोक्यावर आहे.