स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, तरी निजामाच्या सीमेपलीकडून लढा चालूच राहिला

आज धाराशिवहून बार्शीला जायला साधारण तासभर लागतो. पण १५ ऑगस्ट १९४७ नंतर तेरा महिने हाच प्रवास म्हणजे जवळपास परदेशी जाणं होतं. बार्शी, सोलापूर भारतात. धाराशिव म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आणि निजामाला भारतात यायचं नव्हतं.

निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते होते स्वामी रामानंद तीर्थ. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केल्यावर ते याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आले. १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला. पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवलं आणि १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेले.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी निजामाने स्वामीजींना अटक केली.

मग लढा चालवायचा कुणी? ही जबाबदारी दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ यांच्या कृती समितीने घेतली, तीही संस्थानाबाहेरून. सोलापूर, मनमाड, गदग, विजयवाडा इथे केंद्रं उभी राहिली.

उस्मानाबादकरांना जवळचं होतं सोलापूर आणि बार्शी. इथली हद्द वेडीवाकडी, दोन्हीकडची गावं एकमेकांत घुसलेली. त्यामुळे पहारा ठेवणं अवघड. रझाकारांच्या भीतीने कुटुंबं याच बाजूने बाहेर पडली. कार्यकर्ते मात्र कायमचे पळून गेले नाहीत. सीमेवरच्या कॅम्पमधून ते परत आत शिरायचे आणि करोडगिरी नाक्यांवर हल्ले करायचे.

स्वामीजी ३० नोव्हेंबरला सुटले. सीमेपलीकडे सुरक्षित राहणं त्यांना शक्य होतं. पण २६ जानेवारी १९४८ ला ते संस्थानातच पुन्हा पकडले गेले.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली. १७ तारखेला निजाम शरण आला, स्वामीजी सुटले. मात्र त्यानंतर मुस्लिमांवर भीषण हिंसा झाली. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव नोंदवलं. आता जीव मुठीत धरून पळायची वेळ दुसऱ्यांवर आली होती.

स्वामीजी पुढे खासदार झाले. २२ जानेवारी १९७२ ला त्यांचं निधन झालं. नांदेडचं विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.