नायक होता होता संगीतकार

रामचंद्र नरहर चितळकर या तरुणाला चित्रपटाचा नायक व्हायचे होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे १२ जानेवारी १९१८ रोजी जन्मलेल्या रामचंद्रांनी नागपूरला शंकरराव सप्रे आणि पुण्याला विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे रागदारीचे धडे घेतले. वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद'मध्ये ते नायक झाले. पण चित्रपट पडला. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये मग किरकोळ भूमिका आणि बिंदू खाँ, हबीब खाँ या संगीतकारांना हार्मोनिअमची साथ, एवढेच वाट्याला आले. त्या साथीनेच त्यांना घडवले.

'जयक्कोडी', 'वनमोहिनी' या तमिळ चित्रपटांनंतर भगवान यांच्या 'सुखी जीवन'ने (१९४२) हिंदीचे दार उघडले. राम चितळकर, अण्णासाहेब, श्यामू अशी नावे धारण करीत ते अखेर 'सी. रामचंद्र' म्हणून स्थिरावले. गायक म्हणून मात्र 'चितळकर'च राहिले. 'शहनाई' (१९४७) हे नाव अस्सल देशी, पण त्यातील सर्वांत गाजलेले गाणे पाश्चात्त्य ठेक्याचे होते. 'अलबेला'त (१९५१) ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांच्या साथीदारांना घेऊन त्यांनी ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बोंगो यांना हिंदी गीतात हक्काची जागा दिली. हाच संगीतकार 'अनारकली'त (१९५३) आर्त, तर 'आझाद'मध्ये (१९५५) बागेश्रीच्या सुरांनी हळुवार झाला. लता मंगेशकर यांचा स्वर त्याच्या चालींचा प्राण होता.

यशाच्या शिखरावर असताना त्यांनी न्यू साई प्रॉडक्शन्स ही निर्मितिसंस्था काढली. 'झांझर', 'लहरें' (१९५३) आणि 'दुनिया गोल है' (१९५५) हे तिचे चित्रपट. मात्र संगीतकाराला लाभलेले यश निर्मात्याला लाभले नाही. तरीही 'नवरंग' (१९५९) सुरांनी न्हाऊन निघाला. चीन युद्धातील हुतात्म्यांसाठी कवी प्रदीप यांनी लिहिलेले आणि रामचंद्रांनी स्वरबद्ध केलेले गीत २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी पंडित नेहरूंसमोर गायिले.

साठच्या दशकात हिंदीतील मागणी ओसरली. तेव्हा ते मराठीकडे वळले. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) यांची निर्मिती केली, संगीत दिले आणि भूमिकाही केल्या. तरुणपणी हुकलेल्या पडद्यावर ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा उभे राहिले. 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र १९७७ मध्ये आले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. नायकाची हौस पुरती फिटली नाही. परंतु आपल्या चालींनी त्यांनी कित्येक नायकांना लोकप्रिय केले.