बिअरच्या कारखान्यातला 'स्टुडंट'

मॅथ्सच्या पेपरात 'स्टुडंट्स टी-टेस्ट'चं गणित आलं की आपण फॉर्म्युला लिहितो, टेबल बघतो आणि 'हायपोथिसिस अ‍ॅक्सेप्टेड' असं लिहून मोकळे होतो. पण हा स्टुडंट कोण, हा प्रश्न किती जणांना पडला? बऱ्याच जणांना वाटतं, ही टेस्ट विद्यार्थ्यांसाठी आहे म्हणून तसं नाव! खरं तर 'स्टुडंट' हे एका माणसाचं टोपणनाव आहे. त्याचं खरं नाव विल्यम सीली गॉसेट. आणि तो कुठल्या कॉलेजात प्रोफेसर नव्हता, तर डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवायच्या कामावर होता.

मी त्याच्यापर्यंत पोचले ते एका सॉफ्टवेअरमुळे. परदेशात घरी बिअर बनवणारे हौशी लोक 'बिअरस्मिथ'सारखी रेसिपी सॉफ्टवेअर वापरतात. (सर, काळजी नसावी. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे लायसन्सशिवाय हे करणं गुन्हा आहे. मला इंटरेस्ट फक्त गणितात.) माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तोच प्रकार. मोड आल्यावर दाण्यात एन्झाइम तयार होतात आणि गरम पाण्यात ती स्टार्चची साखर करतात. तो गोड रस आटवला की काकवीसारखा पाक किंवा पावडर मिळते. त्याला म्हणतात माल्ट एक्स्ट्रॅक्ट.

आता सॉफ्टवेअरमध्ये २ किलो पावडर आणि एकूण २० लिटर रस असं टाका. ते लगेच सांगतं, ग्रॅव्हिटी १.०३७. यीस्टने साखर खाऊन ती १.००९ वर आणली की अल्कोहोल साधारण ३.७ टक्के. पावडरऐवजी पाक घेतला तर त्यात पाणी असल्यामुळे ग्रॅव्हिटी १.०३० च्या आसपास येते. आतलं गणित अगदी साधं आहे. १ किलो पावडर १ लिटरला सुमारे ३६७ पॉइंट देते असं धरायचं, किलोने गुणायचं आणि लिटरने भागायचं. पण हा आकडा आला कुठून? कोणीतरी मोजला म्हणून. मग किती वेळा मोजला? आणि पुढच्या पोत्याला तोच लागू पडेल कशावरून? सॉफ्टवेअर तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतं, पण या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ते गॉसेटने दिलं.

गॉसेटचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमध्ये कँटरबरीला झाला. वडील लष्करात रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी. मुलालाही तिथंच जायचं होतं, पण नजर अधू म्हणून ते जमलं नाही. मग ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात त्याने गणित आणि केमिस्ट्री केली, दोन्हींत फर्स्ट क्लास मिळवला आणि १८९९ साली गिनेसमध्ये नोकरीला लागला. तेव्हा गिनेस कंपनी सायन्स शिकलेल्या तरुणांना मुद्दाम घेत होती. कारखाना अवाढव्य, पण चव आणि ताकद ठरत होती अंदाजाने, जुन्या कारागिरांच्या हाताने.

गॉसेटच्या पुढ्यात आकड्यांचा ढीग आला. त्यातला एक आकडा एक्स्ट्रॅक्टचाच होता. इथे एक्स्ट्रॅक्ट म्हणजे पाक नव्हे, तर १६८ पौंड माल्टमधून (सुमारे ७६ किलो) किती साखर पाण्यात उतरते त्याचं माप. अपेक्षित आकडा १३३ च्या आसपास. पण एकाच माल्टचे दोन नमुने तपासले तरी उत्तर वेगळं यायचं. शंभर वेळा तपासायला वेळ आणि माल कोण देणार? म्हणून त्याने प्रश्नच बदलला. अर्ध्या डिग्रीपेक्षा कमी चूक चालत असेल, तर किती रीडिंग पुरतील? त्याचा हिशेब असा निघाला: दोन रीडिंग घेतली तर अंदाज बरोबर असण्याची शक्यता ४ ला १, तीन घेतली तर ७ ला १, चार घेतली तर १२ ला १, पाच घेतली तर १९ ला १. कारखान्याला १० ला १ पुरेसं असेल तर चार रीडिंग बस्स! १९०४ साली त्याने चुकांच्या नियमावर कंपनीला अंतर्गत रिपोर्टही लिहून दिला.

पण त्याला स्वतःला एक शंका होती. तेव्हाचं स्टॅटिस्टिक्स शेकडो-हजारो रीडिंगसाठी बनलेलं होतं. रीडिंग तीन-चारच असतील तर स्टँडर्ड डेव्हिएशन हासुद्धा एक अंदाजच होतो, आणि त्यावर नॉर्मल कर्व्ह वापरला तर आपण उगाच जास्त छाती फुगवतो. १९०५ साली तो या विषयातले मोठे नाव कार्ल पिअर्सन यांना जाऊन भेटला. पुढे कंपनीने त्याला १९०६-०७ मध्ये लंडनला त्यांच्या लॅबमध्ये पाठवलं. पिअर्सनना मोठी सॅम्पल्स प्रिय. छोट्या सॅम्पलचं कौतुक त्यांना फारसं नव्हतं.

गणिताने उत्तर सापडण्याआधी गॉसेटने ते प्रत्यक्ष प्रयोग करून शोधायचा प्रयत्न केला. कॉम्प्युटर नव्हताच. ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची छापील माहिती उपलब्ध होती. त्याने एकेक नोंद कार्डावर लिहिली, कार्डं पिसली आणि चार-चारचे ७५० गट पाडले. आज आपण ज्याला सिम्युलेशन म्हणतो ते हेच! १९०८ साली 'बायोमेट्रिका'त त्याचा पेपर आला, पण गिनेसमध्ये स्वतःच्या नावाने छापायला परवानगी नव्हती. म्हणून खाली नाव होतं 'स्टुडंट'. त्यातून आलेली गोष्ट साधी आहे: ९५ टक्के खात्रीसाठी नॉर्मल टेबल १.९६ सांगतं, पण तीनच रीडिंग असतील तर टी-टेबल ४.३० सांगतं. म्हणजे माहिती कमी असेल तर मर्यादा रुंद ठेवा.

१९१२ साली केंब्रिजच्या रोनाल्ड फिशर या तरुणाने त्याला काटेकोर सिद्धता पाठवली. ती गॉसेटला नीट झेपली नाही, तरी त्याने ती पिअर्सनकडे धाडली. पुढे पिअर्सन आणि फिशर यांचं हाडवैर झालं. दोघांशीही शेवटपर्यंत मैत्री ठेवणारा माणूस म्हणजे गॉसेट.

मी मंगळवेढ्याची, त्यामुळे त्याचं बार्लीचं काम मला जास्त जवळचं वाटलं. आमच्याकडे काळ्या रानात मालदांडी ज्वारी होते (मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय मिळाला). एकाच शिवारात एक तुकडा भारी जमिनीचा, तर शेजारचा हलका. मग एका तुकड्यात उतारा जास्त आला, तो वाणामुळे की मातीमुळे? बार्लीसाठी गॉसेट ज्या पद्धतीचा आग्रह धरायचा त्यात पेरणीच्या यंत्राच्या अर्ध्या भागात एक वाण, अर्ध्या भागात दुसरं घालत. पट्टे शेजारी-शेजारी येतात, मातीचा फरक दोघांना सारखाच लागतो आणि शिल्लक राहतो तो वाणाचा फरक. आणि गंमत बघा, १९८८ साली नायजेरियाने बार्ली माल्टची आयात बंद केल्यावर तिथं गिनेसलाही ज्वारीकडे वळावं लागलं!

१९३५ साली गॉसेट लंडनच्या नव्या कारखान्यात गेला आणि १९३७ साली हेड ब्रुअर झाला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला वयाच्या ६१ व्या वर्षी तो गेला. फावल्या वेळात सुतारकाम करणारा, स्वतः बोटी बनवणारा, बागेत रमणारा साधा माणूस. जगाला मात्र तो 'स्टुडंट' म्हणूनच माहीत राहिला.

आपल्या लॅबमध्येही सगळी प्रॅक्टिकल्स तीन रीडिंग आणि एका मीनवर उरकतात, आणि कॅल्क्युलेटर आठ आकडे दाखवतो म्हणून जर्नलमध्ये आठही उतरतात. उद्या पुलाचं काँक्रीट किंवा औषधाची गोळी आपल्या तीन रीडिंगवर पास होणार आहे. तेव्हा मीनच्या शेजारी ± लिहायला लाजू नका. किती माहीत नाही हे आकड्यात सांगता येणं, ही गॉसेटची आपल्याला मिळालेली देणगी आहे.