कम्युनिस्ट ठरवले गेलेले दादासाहेब

नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. त्याआधी हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता, आणि त्याही आधी पश्चिम खानदेशात. १९५९ च्या भूमिहीन सत्याग्रहाची जी मुख्य क्षेत्रे होती, त्यांत मराठवाड्यासोबत खानदेश होता. त्या लढ्याचे नेते कर्मवीर दादासाहेब गायकवाड आज आपल्या पोरांना फक्त जयंतीच्या फलकावर भेटतात.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा नाशिकची आघाडी त्यांनी सांभाळली. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली. ती वाचली की बाबासाहेबांचा या माणसावर किती भरवसा होता ते कळते.

३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला. बी. सी. कांबळे यांचा गट स्वतःला दुरुस्त म्हणवू लागला, म्हणजे दादासाहेब आपोआप नादुरुस्त! आरोप असा की, हे कम्युनिस्टांच्या नादी लागले, बाबासाहेबांचा संविधानाचा मार्ग सोडला. निमित्त होते संयुक्त महाराष्ट्र समितीचे. समितीत कम्युनिस्ट होते, शेकाप होता, प्रजासमाजवादी होते, आणि दादासाहेब १९५७ ला नाशिकमधून लोकसभेत गेले ते समितीच्याच पाठिंब्यावर. बाबासाहेबांनी स्वतः ७ नोव्हेंबर १९३८ चा कामगार संप कम्युनिस्टांना बरोबर घेऊन केला होता, हे आरोप करणारे सोयीने विसरले. अर्थात कांबळेंची शंका अगदीच पोकळ नव्हती. बाबासाहेबांचा कम्युनिस्टांवर विश्वास नव्हता, हेही खरेच. पण दादासाहेबांपुढचा प्रश्न पोथीचा नव्हता, पडीक सरकारी जमिनीचा होता. ती जमीन बौद्धाला हवी होती, तशीच भिल्लालाही हवी होती. सुशिक्षितांनी त्यांच्या धोतराची टवाळी केली. पण गावकुसाबाहेरचा माणूस त्या धोतरामागेच गेला.

६ डिसेंबर १९६४ ला देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून जास्त लोक तुरुंगात गेले. मागण्यांत भूमिहीनांना जमीन होती, बौद्धांना सवलती होत्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र होते.

मग १९६७ ला त्यांनी स्थानिक निवडणुकांसाठी काँग्रेसशी समझोता केला. आता शिवी बदलली : काँग्रेसला विकला गेला. काल मॉस्कोचा असलेला माणूस आज दिल्लीचा झाला. माझ्या मते हा समझोता चुकला, त्याने पक्षाचे स्वतंत्र बळ खचले. पण चूक वेगळी आणि गद्दारी वेगळी, एवढा फरक तेव्हाही कोणी केला नाही.

२९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गेले. पुढच्याच वर्षी शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, आणि आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न पुन्हा रस्त्यावर आला.