संत जॉन बॉस्को: मुलांना देवळाची ओढ लावणारे धर्मगुरू



३१ जानेवारी हा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण. आपल्याकडे डॉन बॉस्को म्हटले की आधी शाळा डोळ्यांसमोर येते आणि लगेच तिथल्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. डॉन हा शब्द ऐकून काही मुलांना तर भलताच माणूस आठवतो! इटलीत धर्मगुरूला आदराने डॉन म्हणतात, आपण फादर म्हणतो तसे. आपल्या धर्मग्रामाच्या सभांत एक प्रश्न हमखास निघतो. प्रथम कम्युनियन झाले, दृढीकरण झाले, की मुले देवळात दिसेनाशी का होतात? ह्या धर्मगुरूने आपले सारे आयुष्य ह्याच प्रश्नापायी वेचले, म्हणून त्यांची जीवनकथा आज थोडी सविस्तर सांगतो.

उत्तर इटलीतील पिएमाँत प्रांतात बेक्की नावाची एक लहानशी वाडी आहे. तिथे १६ ऑगस्ट १८१५ रोजी जॉनचा जन्म झाला. दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच वडील फ्रान्सिस न्यूमोनियाने वारले. मागे राहिली आई मार्गारेट, म्हातारी सासू, नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा अँथनी आणि स्वतःचे दोन मुलगे, जोसेफ व जॉन. त्यात दुष्काळ पडला. मार्गारेटला लिहिता-वाचता येत नव्हते, पण प्रार्थना आणि धर्मशिक्षणाचे प्रश्नोत्तर तिला तोंडपाठ होते. मुलांना तिनेच ते शिकवले. रात्री सगळे घर एकत्र गुडघे टेकून प्रार्थना म्हणत असे. जॉनला पहिल्या पापनिवेदनासाठी तिने स्वतः तयार केले, देवळात घेऊन गेली, आधी स्वतः पापनिवेदन केले आणि मग त्याला पुढे पाठवले. हे सारे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढे हा मुलगा जे काही करणार होता त्याचा पाया ह्या घरात घातला गेला, सेमिनरीत नव्हे.

नऊ वर्षांचा असताना जॉनला एक स्वप्न पडले. शिव्या देत भांडणाऱ्या मुलांना तो ठोसे मारून गप्प करू पाहत होता, पण एका तेजस्वी पुरुषाने त्याला सांगितले की मारून नव्हे, मायेने ह्यांना जिंकायचे आहे. ह्या स्वप्नाचा अर्थ त्याला पुढे कितीतरी वर्षांनी उमगला. मात्र मुले जमवण्याचे काम त्याने लगेच सुरू केले. जत्रेत डोंबाऱ्याचे खेळ पाहून तो ते शिकला: दोरावरून चालणे, उलट्या उड्या मारणे, हातचलाखी. रविवारी दोन झाडांना दोर बांधून तो गावकऱ्यांना खेळ दाखवी. पण तिकीट होते! आधी सर्वांनी रोझरी म्हणायची, मग सकाळी फादरांनी दिलेले प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा ऐकायचे आणि नंतर खेळ. प्रार्थनेला कुरकुर करणाऱ्याला खेळ पाहायला मिळत नसे.

त्याच काळातली एक गोष्ट त्याच्या मनाला फार लागली. रस्त्याने जाणारे धर्मगुरू मुलांच्या नमस्काराला मान हलवत आणि पुढे निघून जात. थांबून बोलत नसत. आपण धर्मगुरू झालो तर असे वागायचे नाही, हे त्याने तेव्हाच आईजवळ बोलून ठेवले. आम्हा धर्मगुरूंना हा प्रसंग जरा झोंबतो.

शिक्षणाची वाट सोपी नव्हती. सावत्र भाऊ अँथनीला शेतात हात हवे होते, पुस्तके नकोत. घरातली भांडणे इतकी वाढली की मार्गारेटने काळजावर दगड ठेवून १८२८ साली जॉनला दुसऱ्याच्या शेतावर चाकरीला पाठवले. पुढे कालोसो नावाच्या वृद्ध फादरांनी त्याला लॅटिन शिकवले, पण ते १८३० साली अचानक वारले. किएरी गावात शिकताना जॉन शिंप्याकडे, मग कॉफीच्या दुकानात काम करी. तिथल्या मित्रांची त्याने एक मंडळी काढली आणि तिचे नाव आनंद मंडळ ठेवले. नियम दोनच: ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही करायचे नाही आणि चेहरा पाडून बसायचे नाही. ५ जून १८४१ रोजी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. तू श्रीमंत झालास तर तुझ्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही, असे मार्गारेटने मुलाला आधीच बजावून ठेवले होते.

त्या वेळचे तुरिन शहर झपाट्याने वाढत होते. डोंगराळ खेड्यांतून दहा-बारा वर्षांची मुले गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहायला, धुराडी साफ करायला शहरात येत. घर नाही, शाळा नाही आणि धर्मग्रामही नाही. फादर काफासो ह्यांच्याबरोबर डॉन बॉस्को तुरुंगात जाऊ लागले, तेव्हा तिथे कोवळी पोरे पाहून ते हादरले. सुटून गेलेली मुले पुन्हा तिथेच येत, कारण बाहेर त्यांचे कोणी नव्हते.

८ डिसेंबर १८४१ हा अमलोद्भव मरियेचा सण होता. डॉन बॉस्को मिस्सासाठी तयार होत होते. थंडीमुळे आत शिरलेल्या एका मुलाला सेवकाने मिस्साला मदत करायला सांगितले. मुलाला ते येत नव्हते, तर सेवकाने त्याला बडवून बाहेर काढले. डॉन बॉस्कोंनी त्या मुलाला परत बोलावले, तो आपला मित्र आहे असे सेवकाला सांगितले आणि मिस्सा झाल्यावर त्याच्याशी बोलत बसले. नाव बार्थोलोमिओ गारेल्ली, गवंड्याच्या हाताखालचा पोऱ्या, वय १६, आईबाप नाहीत. लिहिता-वाचता येत नाही, गाता येत नाही. शेवटी फादरांनी विचारले, शीळ तरी घालता येते का? मुलगा हसला. मग दोघांनी मिळून नमो मरिया म्हटली आणि क्रुसाची खूण शिकवून पहिला धडा झाला. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला. डॉन बॉस्कोंच्या ऑरेटरीची, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या आणि खेळाच्या घराची, ही सुरुवात.

मुले वाढली तशी जागा पुरेना. पुढे काय झाले ते वाचून आपल्यातल्या पुष्कळांना ओळखीचे वाटेल. जिथे ही मंडळी जाई तिथून काही दिवसांत तक्रार येई. मुले ओरडतात, भिंती खराब करतात, फुले तोडतात. एका स्मशानभूमीच्या चॅपेलमधून त्यांना एका रविवारीच हाकलले. पिठाच्या गिरण्यांजवळ जागा मिळाली, तीही गेली. भाड्याच्या खोल्या गेल्या. शेवटी एका उघड्या कुरणात ऑरेटरी भरू लागली. डॉन बॉस्को बांधावर बसून एकेकाचे पापनिवेदन ऐकत आणि बाकीची मुले पलीकडे पळापळी खेळत. मग ढोल-तुतारी वाजवून सगळ्यांना गोळा करायचे आणि एखाद्या देवळात मिस्साला न्यायचे.

शहरातल्या धर्मग्रामांच्या फादरांनीही आक्षेप घेतला. मुलांनी आपापल्या देवळात जावे, इथे आली तर ती आपल्या धर्मगुरूंना ओळखणारही नाहीत, असे त्यांचे म्हणणे. म्हणणे खोटे नव्हते. पण ही मुले परगावची, भाषाही वेगळी बोलणारी, ह्या शहरात त्यांना आपले म्हणावे असे देऊळच नाही, हे डॉन बॉस्कोंनी समजावून सांगितले. ज्याने कोणी आपल्या धर्मग्रामात ह्या मुलांना सामावून घ्यावे त्याने जरूर घ्यावे, हेही सांगितले. कोणी पुढे आले नाही. आर्चबिशप फ्रान्सोनी ह्यांनी मात्र त्यांना पाठिंबा दिला आणि ईस्टरचा संस्कार मुलांना ऑरेटरीतच देण्याची परवानगी दिली.

पोलिसांना ही गर्दी संशयास्पद वाटू लागली. मित्र दुरावले. डॉन बॉस्को तर अजून नसलेल्या देवळाचे, मैदानाचे, कारखान्यांचे वर्णन डोळ्यांनी पाहिल्यासारखे करत. त्यांचे डोके फिरले असे वाटून दोन फादर त्यांना फिरायला नेण्याच्या निमित्ताने घोडागाडी घेऊन आले. डॉन बॉस्कोंनी त्या दोघांना आधी आत बसवले, दार लावले आणि गाडीवाल्याला वेड्यांच्या इस्पितळात घेऊन जायला सांगितले! दोघांची सुटका व्हायला बराच वेळ लागला म्हणतात.

१८४६ च्या झावळ्यांच्या रविवारी ते कुरणही सोडायची वेळ आली. मुले खेळत होती आणि हा माणूस एका बाजूला उभा राहून रडत होता. तेवढ्यात एक बोबडा गृहस्थ आला. फादरांना प्रयोगशाळेसाठी जागा हवी आहे असे त्याने ऐकले होते. प्रयोगशाळा नव्हे, ऑरेटरी, हे कळल्यावरही त्याने वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाच्या घराला टेकलेली पडवी दाखवली. छप्पर इतके खाली की जमीन अर्धा मीटर खोदावी लागली. १२ एप्रिल १८४६, ईस्टरच्या दिवशी, तिथे मिस्सा झाली. भोवतालची मोकळी जागाही त्यांनी मुलांना धावण्यासाठी भाड्याने घेतली होती.

तिथला रविवार असा असे: सकाळी पापनिवेदन व मिस्सा, प्रवचनाऐवजी बायबलमधली एक गोष्ट, पुढचा भाग पुढच्या रविवारी. मग न्याहारी, खेळ, अक्षरओळख. दुपारी धर्मशिक्षण, छोटीशी प्रार्थना आणि पुन्हा अंधार पडेपर्यंत खेळ. फादर स्वतः मुलांत धावत आणि खेळता खेळता एखाद्याच्या कानात दोन शब्द सांगत. आठवड्याच्या दिवशी ते बांधकामांवर, दुकानांत जाऊन मुलांना भेटत. मालकाशी करार करत. १८५२ चा एक करार आजही जपलेला आहे: मुलाला मारायचे नाही, कामाशिवाय इतर राबवणूक करायची नाही, रविवारी सुट्टी द्यायची. १८५० साली राज्यात दशमान मापे लागू होणार होती, तर त्यांनी मुलांकडून मीटर-लिटरवर विनोदी नाटुकली बसवून घेतली. हेही धर्मगुरूचेच काम, असे ते मानत. बुद्धी, धर्म आणि माया ह्या तीन गोष्टींवर त्यांनी आपली शिक्षणपद्धती उभारली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही बुद्धी आणि श्रद्धा ह्यांच्या नात्यावर पुष्कळ वाद घातले, मायेला त्या अभ्यासक्रमात जागा नव्हती.

जुलै १८४६ मध्ये अतिश्रमाने ते मरणाच्या दारात पोहोचले. गवंडीकाम करणाऱ्या मुलांनी त्यांच्यासाठी उपवास केले, पाळीपाळीने देवळात रात्री जागवल्या. ते बरे झाले. पण तसल्या वस्तीत एकट्याने राहणे शक्य नव्हते. विश्रांतीसाठी बेक्कीला गेले असता त्यांनी आईला बरोबर येण्याविषयी विचारले. मार्गारेट ५८ वर्षांची होती, नातवंडांत सुखाने राहत होती. देवाला हे आवडेल असे तुला वाटत असेल तर येते, एवढेच तिचे उत्तर. ३ नोव्हेंबर १८४६ रोजी मायलेक चालत तुरिनला आले. पैसे संपले तेव्हा तिने लग्नातले दागिने आणि कपडे काढले. काहींचे मिस्साचे झगे आणि वेदीची वस्त्रे झाली.

पहिल्यांदा ज्या मुलांना रात्री गवताच्या माळ्यावर झोपू दिले ती पांघरुणे घेऊन पळाली. तरी मे १८४७ च्या एका पावसाळी रात्री एक अनाथ मुलगा दारात आला, तेव्हा मार्गारेटने त्याला चुलीपाशी शेकायला बसवले, गरम सूप दिले आणि विटांवर फळ्या टाकून स्वयंपाकघरातच अंथरूण केले. झोपण्याआधी तिने त्याला काम, देव आणि प्रामाणिकपणा ह्यांविषयी चार शब्द सांगितले. आज जगभरच्या सालेशियन घरांत रात्रीच्या प्रार्थनेनंतर मुलांना दोन मिनिटे जे सांगतात, त्या प्रथेची सुरुवात ह्या अशिक्षित बाईने केली.

तीही एकदा थकली. शिपाई-शिपाई खेळताना मुलांनी तिचा भाजीचा मळा तुडवला, वाळत घातलेले कपडे लोळवले. आता बेक्कीला परत जाते, असे ती मुलाला म्हणाली. डॉन बॉस्को काही बोलले नाहीत, भिंतीवरच्या क्रुसाकडे नुसते बोट दाखवले. ती परत स्वयंपाकघरात गेली. २५ नोव्हेंबर १८५६ रोजी ती वारली तोवर दहा वर्षे त्या शेकडो मुलांची ती आई होती आणि सगळे तिला मामा मार्गारेट म्हणत.

दरवर्षी ऑक्टोबरात, रोझरी मातेच्या सणाला, डॉन बॉस्को मुलांना घेऊन बेक्कीला जात. तिथून बँड वाजवत गावोगाव पायी सहल निघे. मुले गावच्या देवळात मिस्सा गात, संध्याकाळी चौकात नाटक करत आणि गावकरी कुटुंबे त्यांना जेवू घालत. गावातलीही काही मुले ह्या मंडळीच्या मागे तुरिनला येत. १८५४ मध्ये आलेला डॉमिनिक साव्हियो पंधरा वर्षांचाही होण्याआधी वारला, आज तो संत आहे. त्याच वर्षी कॉलऱ्याची साथ आली तेव्हा ऑरेटरीची ४४ मुले रोग्यांच्या सेवेला घरोघर गेली. मार्गारेटने त्यासाठी चादरी, टेबलावरची कापडे, अखेर वेदीवरचे कापडसुद्धा देऊन टाकले.

पुढचा इतिहास आपल्याला बराचसा माहीत आहे. १८ डिसेंबर १८५९ रोजी सालेशियन संघ स्थापन झाला, आणि त्यात ह्याच मुलांतून वाढलेले तरुण होते. १८७२ साली मेरी मझारेल्लो ह्यांच्यासह सिस्टरांचा संघ, १८७६ साली संसारी लोकांसाठी सहकाऱ्यांचा संघ. १९०६ साली सालेशियन फादर भारतात तंजावरला आले, पुढे मुंबईतही आले आणि माटुंग्याची माता आपल्या कितीतरी कुटुंबांच्या नवसांना ठाऊक आहे.

डॉन बॉस्को ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे तुरिनमध्ये वारले. मार्गारेटची कबर आज दाखवता येत नाही, कारण गरिबांच्या सामायिक कबरीत तिला पुरले होते. २३ ऑक्टोबर २००६ रोजी ख्रिस्तसभेने तिला वंदनीय म्हणून घोषित केले. तिच्या मुलाला पोप पायस अकरावे ह्यांनी संत म्हणून जाहीर केले तो दिवस ईस्टरचा होता, १ एप्रिल १९३४. मार्गारेटचा जन्म १ एप्रिलचाच, १७८८ चा.