तेनसिंगचे ओझे

हिमालयाच्या उंच शिखरांवर जाऊ इच्छिणाऱ्या माणसाला दोन गोष्टींचा निर्णय घ्यावा लागतो. बरोबर काय न्यावयाचे, ही पहिली. आणि काय मागे ठेवावयाचे, ही दुसरी. गावात एखादी वस्तू विसरली तर ती शेजाऱ्याकडून मागून आणता येते. आठ हजार मीटर उंचीवर शेजारी नसतो. उलट, गरजेवाचून घेतलेली प्रत्येक वस्तू पाठीवर बसून माणसाची शक्ती शोषून घेते. हा अवघड हिशेब हमालाचे ओझे वाहता वाहता जो शिकला आणि जगातील सर्वोच्च शिखरापर्यंत ज्याने तो नीट सांभाळला, त्याचे नाव तेनसिंग नोर्गे.

तेनसिंगचा जन्म १९१४ साली एका गरीब शेर्पा कुटुंबात झाला. त्याचे बालपण एव्हरेस्टच्या परिसरात, याक राखण्यात गेले. लिहावाचावयास तो कधी शिकला नाही. तरुणपणी तो दार्जिलिंगला आला. १९३५ साली एरिक शिप्टन या इंग्रज गिर्यारोहकाने त्याला आपल्या तुकडीत हमाल म्हणून घेतले. तेव्हापासून इतरांचे तंबू, इतरांचे अन्न आणि इतरांची स्वप्ने तो पाठीवर वाहू लागला. मात्र या कामात त्याचे डोळे उघडे असत. दोर कसा गुंडाळावा, ओझे कसे बांधावे, वादळात तंबू कसा रोवावा, हे सारे त्याने हातांनी आत्मसात केले.

१९५२ साली स्विस गिर्यारोहकांनी त्याला हमालांचा प्रमुख नेमलेच, शिवाय चढाईतील बरोबरीचा सहकारी मानले. त्या वर्षीच्या मे महिन्यात तो आणि रेमंड लँबर्ट सुमारे ८,४०० मीटर उंचीवर पोहोचले. दिवस मावळत आला होता. त्यांच्यापाशी एक लहान तंबू होता. पण उबदार झोळ्या नव्हत्या आणि स्टोव्हही नव्हता. तहानेने जीव कासावीस झाला, तेव्हा एका डब्यात बर्फ घालून ते मेणबत्तीच्या ज्योतीवर वितळवावे लागले. रात्रभर एकमेकांचे अंग चोळत दोघे जागे राहिले. दुसऱ्या दिवशी ते आणखी वर गेले. परंतु प्राणवायूची उपकरणे नीट काम देईनात. शिखर अडीचशे मीटरांवर दिसत असता त्यांना परत फिरावे लागले. दोघांच्या धैर्यात उणेपणा नव्हता. उणे होते ते गाठोड्यात.

पुढच्या वर्षी जॉन हंट याच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम निघाली. या वेळी सामानाची सिद्धता कित्येक महिने आधी सुरू झाली होती. तंबू, बूट, दोर, शिड्या, प्राणवायूच्या नळकांड्या आणि शिधा अशा अनेक टन सामानाचे शेकडो डाग बांधण्यात आले. फेब्रुवारी १९५३ च्या अखेरीस ही तुकडी आगबोटीने मुंबईस उतरली आणि आगगाडीने नेपाळच्या सीमेकडे गेली. वाऱ्यापासून रक्षण करणारे कपडे सूत व नायलॉन यांच्या घट्ट विणीच्या कापडाचे होते. भिवंडीसारख्या मागांच्या गावी वाढलेल्या मुलांना यातील मर्म सहज उमजेल. उभा ताणा आणि आडवा बाणा जितके दाट बसतात, तितकी वाऱ्याला शिरावयास फट कमी उरते.

काठमांडूच्या खोऱ्यातून सुमारे साडेतीनशे हमाल हे सामान घेऊन पायी निघाले. प्रत्येकाच्या पाठीवर जवळजवळ सत्तावीस किलोंचे ओझे होते. जसजशी उंची वाढत गेली, तसतशी माणसे आणि वस्तू कमी होत गेल्या. वर एक तंबू उभा राहावा म्हणून खाली कित्येक पाठी वाकल्या होत्या. एकदा बर्फाच्या भेगेत एडमंड हिलरी कोसळला, तेव्हा तेनसिंगने क्षणात दोर ताणून त्याला सावरले. दोर जवळ असणे पुरेसे नसते; तो सांभाळणारा हातही सावध असावा लागतो.

२६ मे रोजी हंट आणि दा नामग्याल हा शेर्पा यांनी अखेरच्या छावणीसाठी लागणारे सामान उंच कड्यावर नेऊन ठेवले. स्वतःजवळचा उरलेला प्राणवायूही त्यांनी पुढच्या जोडीसाठी तेथेच सोडला आणि ते त्याच्याशिवाय खाली उतरले. २८ मे रोजी हिलरी व तेनसिंग यांनी आपल्या तिघा साथीदारांसह ते सामान उचलून आणखी वर नेले. सुमारे साडेआठ हजार मीटरांवर तंबू उभारून साथीदार परतले. आता त्यांच्याजवळ झोळ्या होत्या आणि स्टोव्हही होता. रात्री हिलरीने बूट काढून ठेवले. सकाळी ते गोठून दगडासारखे झाले आणि स्टोव्हवर धरून मऊ करण्यात बराच वेळ गेला. तेनसिंग मात्र पायांत बूट ठेवूनच झोपला होता.

२९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकरा वाजता दोघे शिखरावर पोहोचले. तेनसिंगच्या पायांत स्विस मोहिमेतील बूट होते आणि मोजे त्याची पत्नी आंग ल्हामू हिने विणलेले होते. डोक्यावरची लोकरी टोपी अर्ल डेनमन या जुन्या साथीदाराची होती. गळ्यातील तांबडा रुमाल लँबर्टने दिलेला होता. गेल्या वर्षी माघारी फिरलेला मित्र अशा रीतीने आज शिखरावर आला. तेनसिंगने बर्फकुऱ्हाडीला बांधलेले चार ध्वज उंच धरले. मग बर्फ उकरून त्याने थोडी मिठाई देवाला अर्पण केली आणि तिच्याशेजारी तांबड्या-निळ्या पेन्सिलीचा एक तुकडा पुरला. तो त्याची मुलगी निमा हिने दिला होता. ज्या उंचीवर तोळ्यातोळ्याचा विचार करावा लागतो, तेथे अक्षरओळख नसलेल्या पित्याने मुलीची पेन्सिल अनावश्यक मानली नाही.

१९५४ साली दार्जिलिंग येथे हिमालय गिर्यारोहण संस्था स्थापन झाली. तेथे तेनसिंगने अनेक वर्षे तरुणांना गिर्यारोहणाचे शिक्षण दिले. ९ मे १९८६ रोजी त्याचे निधन झाले. शिखरावर पाऊल त्याचे पडले. परंतु त्याच्या अंगावरील प्रत्येक वस्तूमागे कोणाचे तरी श्रम आणि कोणाची तरी माया होती. हे ऋण त्याने शेवटपर्यंत वाहिले, आणि त्याचे ओझे त्याला कधी जड झाले नाही.