बाचान बेटावरील फुलपाखरू

आल्फ्रेड रसेल वॉलेस याचा जन्म १८२३ साली वेल्समध्ये झाला. घरच्या गरिबीमुळे त्याची शाळा लवकरच सुटली. जमीनमोजणीचे काम करता करता त्याला कीटकांचा छंद जडला. १८४८ साली तो ॲमेझॉनच्या अरण्यात गेला. चार वर्षांनी परतताना भर समुद्रात जहाज पेटले आणि बरोबरचा जवळजवळ सारा संग्रह भस्मसात झाला. दहा दिवस तो उघड्या होडीत होता. दुसरा कोणी असता, तर त्याने पुन्हा प्रवासाचे नावही काढले नसते!

वॉलेस मात्र १८५४ साली पूर्वेकडील बेटांकडे निघाला. १८५८ च्या अखेरीस तो मोलुक्का बेटांपैकी बाचान येथे पोहोचला. पहिल्याच फेरीत रानात त्याला एक प्रचंड फुलपाखरू दिसले. पण ते हाती लागले नाही. दोन महिन्यांनी एका फुलझाडावर ते पुन्हा दिसले आणि पुन्हा निसटले. दुसऱ्या दिवशी त्याच झाडापाशी त्याने मादी पकडली, तिसऱ्या दिवशी नर. मखमली काळ्या पंखांवर जणू धगधगता नारिंगी अग्नीच! त्याला जाळ्यातून काढताना वॉलेसचे काळीज धडधडू लागले. त्या दिवशी त्याचे डोके दुखतच राहिले.

ही जात शास्त्राला अज्ञात होती. तिचे सुरवंट ईश्वरीच्या कुळातील वेलींची पाने खाऊन वाढतात. १८५९ साली वॉलेसने तिला प्राचीन लिडियाचा धनाढ्य राजा क्रीसस याचे नाव दिले. या खेपेचे नमुने मात्र सुखरूप लंडनला पोहोचले.